आशाताईंच्या गृहभेटी: पुण्यातील एका घराचा पंधरा महिन्यांचा अनुभव

माझ्या मुलीचे पहिले बाळंतपण आमच्याकडे पुण्यात झाले. पर्वतीच्या उताराखाली दाट वस्तीत आमचे दोन खोल्यांचे घर आहे, आणि दवाखान्यातून बाळाला तिथे आणले तेव्हा त्याचे वजन २ किलो ४०० ग्रॅम होते. अडीच किलोच्या खालचे बाळ नाजूक समजतात, त्यामुळे आनंदापेक्षा काळजीच अधिक होती. त्याच संध्याकाळी, म्हणजे बाळाच्या तिसऱ्या दिवशी, आमच्या भागातील आशाताई दारात उभ्या राहिल्या. तेव्हापासून नातू पंधरा महिन्यांचा होईपर्यंत सरकारच्या गृहभेटींची ही सेवा आम्ही वापरली. तिच्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही; तरीही ती घेणाऱ्या घरांना तिच्यातून काय मिळते आणि काय हुकते, हे सविस्तर लिहावेसे वाटले.

सेवेची रचना समजून घेतली तर तिचा उपयोग जास्त होतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येणे अपेक्षित असते; घरीच जन्म झाला असल्यास पहिल्या दिवशीची आणखी एक भेट असते. ही योजना देशभर २०११ मध्ये सुरू झाली. पुढे २०१८ मध्ये तिला मोठ्या बाळांसाठीच्या भेटी जोडल्या गेल्या, त्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात होतात. पहिल्या दिवसांतील भेटींची मुळे आपल्या महाराष्ट्रातच आहेत, याचा मला अभिमान वाटतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात खेड्यातीलच स्त्रियांना शिकवून घरोघरी पाठवले. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले, आणि तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पहिल्या सहा भेटींबद्दल माझी तक्रार नाही. आशाताईंनी आधी हात धुतले, मग पिशवीतून झोळीचा वजनकाटा काढला, बाळाचे तापमान घेतले आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजले. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास पडत असतील तर एकदा पुन्हा मोजायचे, आणि तितकेच भरले तर न थांबता दवाखाना गाठायचा, हे त्यांनी माझ्या मुलीला नुसते सांगितले नाही, तिच्याकडून मोजून घेतले. त्यानंतर त्या म्हणाल्या, ‘‘ताई, आता बाळाला पाजा, मी बसते.’’ बाळ स्तनाग्रच तोंडात धरत होते, म्हणून मुलीला दुखत होते आणि दूध पुरेसे येत नाही असा आमचा समज झाला होता. बाळाची पकड कशी बदलायची हे त्यांनी हाताने दाखवले आणि बाळ पिऊन झोपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

त्या दिवशी मी घुटीसाठी सहाण काढून ठेवली होती. आमच्या आईने आम्हाला दिली, आम्ही मुलांना दिली, तेव्हा नातवाला द्यायची यात मला काही वावगे वाटत नव्हते. आशाताईंनी सहाण पाहिली, पण मला मुलीसमोर दोष दिला नाही. जाताना जिन्यात थांबून त्या म्हणाल्या, ‘‘काकू, सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. बाळाला तेल लावा, छातीशी धरून ऊब द्या, त्याच्याशी बोला. ते तुमच्याइतके चांगले कोणी करणार नाही.’’ सहाण मी त्याच दिवशी आत ठेवली. घरातील वडील बाईला बाजूला न सारता तिच्या हाती दुसरे काम देण्याची ही हातोटी मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

अडचण पुढे आली. मुलगी अडीच महिन्यांनी सासरी दौंडला गेली आणि तिसऱ्या महिन्याची भेट झालीच नाही. इथल्या नोंदीत ती ‘स्थलांतरित’ झाली होती आणि तिथल्या यादीत तिचे नाव चढलेले नव्हते. दोन्हीकडे विचारले तेव्हा एका ठिकाणी मला सांगण्यात आले की बाळ आमच्या हद्दीत जन्मलेले नाही. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते आणि काही महिन्यांनी सासरी जाते, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिची सोय या व्यवस्थेत पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत तीन महिन्यांची पोकळी परवडणारी नाही. शेवटी मुलीने स्वतः माता व बाल संरक्षण कार्ड घेऊन तिथल्या अंगणवाडीत नाव घातले आणि सहाव्या महिन्यापासून भेटी सुरू झाल्या. ज्यांच्या घरी अशी ये-जा होणार आहे त्यांनी कार्ड बाळाच्या कपड्यांसोबतच बांधावे आणि पोहोचल्याच्या आठवड्यातच नाव नोंदवावे.

सहाव्या महिन्याची भेट वरच्या आहाराची होती आणि ती चांगली झाली, असे मुलीने फोनवर सांगितले. चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट खिमट, त्यात तुपाचा थेंब, जोडीला लोहाचे पातळ औषध आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर, आणि हागवण लागली तर क्षारसंजीवनी, एवढे नीट कळले.

पुढे जावयाला हडपसरला काम मिळाले आणि तिघेही आमच्याकडे राहायला आले, त्यामुळे बाराव्या महिन्याची भेट मी स्वतः पाहिली. वजन झाले, उंची झाली, कार्डावरील रेषेवर ठिपका पडला. मग, ‘‘उभा राहतो का? मामा, बाबा म्हणतो का?’’ असे दोन-तीन प्रश्न विचारून खुणा केल्या गेल्या, आणि उरलेला वेळ मोबाइलमध्ये नोंदी भरण्यात गेला. दहा मिनिटांत भेट संपली. बाळाशी कोणी क्षणभर खेळलेही नाही. याचा दोष मी आशाताईंना देत नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे या मोठ्या बाळांच्या प्रत्येक भेटीसाठी त्यांना ५० रुपये मिळतात, आणि अशा कितीतरी गल्ल्या त्यांना चढायच्या असतात.

तरीही हुकले ते लहान नव्हते. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६–८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ बाळे निवडली. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्य सेविका दर आठवड्याला एक तास जाऊन घरच्याच वस्तूंपासून केलेली खेळणी वापरत आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी त्या मुलांचा माग काढला तेव्हा ज्यांच्या घरी असा खेळ झाला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त आढळली. ओडिशातील कटकच्या झोपडवस्त्यांतही याच धर्तीवरच्या भेटींनी मुलांच्या आकलनात फरक पडल्याचे दिसले आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. अशा राज्यात खेळाचा भाग दोन-तीन प्रश्नांवर संपावा हे मला मान्य होत नाही.

खेळाची भेट कशी असते हे आम्हाला पंधराव्या महिन्यात कळले, कारण त्या वेळी आशाताईंबरोबर वस्तीतील अंगणवाडी सेविकाही आल्या होत्या. त्यांनी येताना काहीच आणले नव्हते. आमच्या मांडणीवरून तीन वाट्या, एक झाकण आणि लाकडी पळी मागून घेतली, ओढणीखाली एक वाटी लपवली आणि मुलीला म्हणाल्या, ‘‘आता तुम्ही विचारा त्याला, वाटी कुठं गेली?’’ बाळाने ओढणी ओढली, मुलीने टाळी वाजवली, आणि सेविका मागे सरकून बसल्या. पुढची वीस मिनिटे त्यांनी बाळाला हात लावला नाही; मुलगी काय करते तेच पाहत होत्या, आणि जिथे ती घाईने उत्तर देत होती तिथे हळूच म्हणत होत्या, ‘‘थांबा, त्याला शोधू द्या.’’ जाताना त्यांनी पुढच्या आठवड्यासाठी एकच काम दिले: स्वयंपाक करताना हातातल्या प्रत्येक वस्तूचे नाव त्याला सांगायचे.

वस्तीतील कोणत्याही घराने ही सेवा अवश्य घ्यावी, आणि बाळ तीन महिन्यांचे झाले की प्रत्येक भेटीत वजन-उंची संपताच आपणच म्हणावे, ‘‘ताई, आता याच्याशी काय खेळू ते दाखवा.’’ पंधरावा महिना संपल्यामुळे आमच्या भेटी ठरल्याप्रमाणे थांबल्या आहेत. परवा मुलगी पोळ्या लाटत असताना नातवाने लाटण्याकडे बोट करून ‘‘ला’’ म्हटले, तेव्हा मी अंगणवाडीत जाऊन सेविकांना ते सांगून आले.