मनोरी-गोराईत रोजच्या भाड्याची घरं: सरसकट बंदी की परवाना?

मार्वेहून फेरीबोटीने मनोरीला उतरलं की मुंबई महापालिकेच्याच हद्दीत चक्क गाव लागतं. शनिवारी रात्री मात्र भाड्याच्या बंगल्यांत डीजे, आणि अरुंद गल्लीत आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या. त्यामुळे 'हे बंदच करा' ही मागणी समजण्यासारखी आहे.

बंदीचा फायदा एकच, नियम सोपा. पण राबवणार कोण? ऑनलाइन बुकिंग थांबलं की फोनवर सुरू होतं, आणि 'नातेवाईक आलेत' म्हटल्यावर पोलीस तरी काय करणार? शिवाय बोंबील वाळवून उरल्या वेळात मागची खोली देणारी मावशी आणि शहरात बसून तीन बंगले चालवणारा गुंतवणूकदार एकाच तागडीत तोलले जातात. हे मला पटत नाही.

परवान्यात हा फरक करता येतो. केंद्राच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' योजनेत मालक त्याच घरात राहायला हवा, खोल्या 1 ते 6. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनेही ग्रामीण किनाऱ्यावर स्थानिकांना होमस्टेची मुभा दिली आहे, घराचं जोतं आणि दर्शनी भाग न बदलता. मालक भिंतीपलीकडे झोपलेला असला की डीजे दहाला गुपचूप बंद होतो! परवान्यात पाणी, कचरा, पार्किंगच्या अटी घालाव्यात. कागदांसाठी खेपा पडतील, हे दुखणं खरंच. पण 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला नोंदणी सक्तीची आहेच. मग एका रात्रीच्या गिऱ्हाइकाला मोकळं रान कशाला?