‘सर, बॉडी नीट धुतली नसेल तुम्ही’: लेक्सनच्या रंगात झालेली माझी फसवणूक

रिमोटच्या गाडीची पारदर्शक बॉडी तुम्ही स्वतः रंगवत असाल आणि कोणी ‘पॉलिकार्बोनेट स्पेशल, एअरब्रशसाठी (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या पिचकारीसाठी) तयार’ असं लेबल लावलेल्या रंगाच्या लहान बाटल्या विकत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझ्या दोन बॉडी आणि महिनाभराच्या संध्याकाळी त्यात गेल्या.

भाचीच्या पहिल्या शर्यतीची गाडी होती. डिझाइन तिचंच: काळ्या रेघा, खाली केशरी ज्वाळा, बाकी सगळा फ्लोरोसंट पिवळा. लेक्सनची, म्हणजे पॉलिकार्बोनेट या लवचिक पारदर्शक प्लॅस्टिकची, बॉडी आतून रंगवतात, म्हणून सगळा क्रम उलटा. बाहेरून जे सगळ्यात वर दिसायला हवं, ते आत सगळ्यात आधी मारायचं. गडद आधी, फिका नंतर, आणि फ्लोरोसंटच्या पाठीला शेवटी पांढरा, नाहीतर तो मळकट दिसतो. आतून लिक्विड मास्कचे (वाळल्यावर रबरासारखा सोलता येणाऱ्या, रंग अडवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थर द्यायचे, वाळल्यावर ब्लेडने आकृत्या कापायच्या आणि एकेक तुकडा सोलत रंग मारत जायचं. एकदा मारलेला रंग मागे घेता येत नाही. त्यामुळे बाटलीत काय आहे यावर पूर्ण भरवसा लागतो.

मी नेहमी वापरतो त्या रंगात मला हव्या त्या छटा मिळत नव्हत्या. या विक्रेत्याकडे सगळ्या होत्या. त्याच्या व्हिडिओत रंगवलेली बॉडी हाताने पिळून दाखवली होती. आणि वाक्य होतं, ‘पातळ करायची कटकट नाही, थेट एअरब्रशच्या कपात ओता.’ मी फसलो तो याच वाक्याला. आपल्या कामात सगळ्यात अवघड काय, तर रंग पातळ करणं. जाड राहिला तर नोझलवर सुकतो आणि शिंतोडे उडतात, फार पातळ झाला तर मास्कच्या कडेखाली घुसतो. पाण्यावरच्या रंगाला त्याचाच रिड्यूसर (पातळ करायचा द्रव) लागतो, सॉल्व्हंटच्या रंगाला त्याचाच थिनर, आणि तोही थेंबाथेंबाने, कपाच्या भिंतीवरून रंग दुधासारखा ओघळेपर्यंत. ही डोकेदुखी कोणी स्वतःहून उचलतोय म्हटल्यावर मी प्रश्नच विचारले नाहीत. सोबत त्याने एक मोठी बाटली दिली. तिच्यावर फक्त ‘थिनर’ एवढंच लिहिलेलं.

रंग बसला मात्र सुरेख. ०.३ मिलिमीटरचं नोझल, दीड बारच्या आसपास दाब, धुक्यासारखे पातळ थर, प्रत्येक थरानंतर वाळायला वेळ. बाहेरची संरक्षक फिल्म काढली तेव्हा भाची कितीतरी वेळ ती बॉडी हातात धरून बसली होती.

पहिल्याच सरावात गाडी कडेच्या फळीला घासली. धक्का साधाच होता. बॉडी उलटून पाहिली तर पुढच्या चाकाच्या कमानीतला रंग पापुद्रे होऊन चॅसिसमध्ये पडलेला. धक्का लागला की पॉलिकार्बोनेट वाकतं आणि परत जागेवर येतं, म्हणून तर ते वापरतात. त्याच्यावरच्या रंगालाही तसंच वाकता आलं पाहिजे. हा रंग वाकत नव्हता, तुटत होता.

विक्रेत्याला फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं: ‘सर, बॉडी नीट धुतली नसेल तुम्ही.’ पुढच्या वेळी: ‘थर जाड झाले असतील.’ त्यानंतर: ‘हवा दमट असेल.’ यातलं काहीही खरं असू शकतं. साच्यातून निघालेल्या बॉडीवर तेलकटपणा राहतो, तो भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवावाच लागतो. मी धुतला होता. तरी मनात आलं, आपल्याच हाताचा डाग राहिला असेल. ही फसवणूक इतके दिवस चालली ती यामुळे. रंग निघायला आपल्या चुकीची दहा कारणं असतात, आणि जो मन लावून काम करतो तो आधी स्वतःलाच तपासतो. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक होतं.

शेवटी तो म्हणाला, ‘नवी बॉडी घ्या आणि आमच्या थिनरने आतून पुसून घ्या, मग बघा पकड.’ मी पुसली. कापड फिरलं तिथे प्लॅस्टिक दुधाळ झालं. सकाळी पाहतो तर बॉडी ज्या खुंट्यांवर बसते त्यांच्या भोकांभोवती केसासारख्या बारीक भेगांचं जाळं. साच्यात ओढलेल्या, कापलेल्या, भोकं पाडलेल्या पॉलिकार्बोनेटमध्ये ताण दडलेला असतो. ॲसिटोन, टोल्यूइनसारखी द्रावणं नेमकी तिथे भेगा पाडतात. लेक्सनच्या चांगल्या स्प्रेमध्येही सॉल्व्हंट असतं आणि ते पृष्ठभागाला किंचित चावतं, म्हणून रंग धरतो. पण त्याचं प्रमाण ठरवलेलं असतं आणि ते पटकन उडून जातं. अनोळखी जहाल थिनर कापडाने चोळणं ही फार वेगळी गोष्ट आहे.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. चाकाच्या कमानी कापताना उरलेले तुकडे घेतले. एकावर माझा जुना खात्रीचा रंग, दुसऱ्यावर याचा. दोन्ही एक दिवस वाळवून घडी घातली. जुना रंग घडीवर पांढुरका झाला, पण सुटला नाही. याचा वाळलेल्या चिखलासारखा तडकला, आणि चिकटपट्टी लावून ओढल्यावर सगळाच्या सगळा पट्टीवर आला.

त्या रात्री एका बाटलीचं लेबल कोमट पाण्यात सोडवलं. खाली दुसरं लेबल निघालं. कडक प्लॅस्टिकच्या, शोकेसमध्ये ठेवायच्या मॉडेलसाठीचा साधा रंग. तो रंग त्याच्या जागी चांगला असेल, पण वाकणाऱ्या बॉडीसाठी तो नाहीच. म्हणूनच तर टामियासारखी कंपनी पॉलिकार्बोनेटसाठी पीएस आणि कडक प्लॅस्टिकसाठी टीएस असे वेगळे स्प्रे काढते.

फोटो पाठवले तेव्हा उत्तर आलं, ‘उघडलेली बाटली परत घेत नाही.’ रंगात आणि थिनरमध्ये काय आहे याचं सुरक्षितता माहितीपत्रक मागितलं, तर त्याने माझा नंबरच ब्लॉक केला. मला सर्वात जास्त राग याचाच आहे. ‘पाण्यावरचा आहे, वास नाही’ या त्याच्या शब्दावर मी साधा धुळीचा मास्क लावून तासन्‌तास फवारणी केली, आणि भाची शेजारी बसून बघत होती. सॉल्व्हंटची वाफ धुळीच्या मास्कने अडत नाही, त्याला सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. बाटलीत काय आहे हे जो सांगत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नका, मग छटा कितीही सुंदर असो.

बाटली मूळ कंपनीच्या सीलची हवी, आणि थिनर त्याच रंगासाठी सांगितलेला. एवढं असूनही नवा रंग आधी कापलेल्या तुकड्यावर मारा, वाळू द्या, घडी घाला, पट्टी ओढा. ‘तयार’ बाटली हातात आली असेल तर लेबलचा कोपरा नखाने उचलून पाहा. खरेदीच्या साइटकडे दोन्ही लेबलांचे फोटो आणि घडीचा व्हिडिओ पाठवल्यावर मला रंगाचे पैसे परत मिळाले. बॉडींचे मिळाले नाहीत. रंगाचे मिळाले तेही मी रिकाम्या बाटल्या टाकून दिल्या नव्हत्या म्हणून.

तिसरी बॉडी भाचीने आणि मी मिळून रंगवली, जुन्या रंगात, एक छटा कमी करून. पुढच्या बंपरवर आता खूप ओरखडे आहेत, पण सगळे बाहेरून.