स्विफ्टची कडक राइड जरा मऊ केली, काही महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

गाडी २०१९ ची स्विफ्ट झेडएक्सआय (वरचं व्हेरियंट), पेट्रोल मॅन्युअल, सेकंड हँड घेतलेली. रोजचा वापर पुण्यात सिंहगड रोड ते हिंजवडी आणि अधूनमधून साताऱ्याला गावी, तेव्हा मागे आई-बाबा. चालवणाऱ्याला गाडी एकदम मस्त, हलकी आहे, वळणावर चिकटून जाते, पण मागे बसणाऱ्याला विचारा! आईला मणक्याचा त्रास, ती खेड शिवापूर यायच्या आतच "अरे जरा थांब ना कुठेतरी" म्हणायला लागायची. गाडी बदलायची तर परत कर्ज, म्हणून म्हटलं आहे तीच जरा मवाळ होते का बघू. बऱ्याच जणांनी विचारलं होतं काय काय केलंस म्हणून सगळं एकदाच लिहितोय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट समजून घ्या, छोटी गाडी कडक का असते. गाडी स्वतः नऊशे किलोच्या आतली, पण तिच्यात पाच माणसं आणि सामान टाकलं की चारशे किलो सहज वाढतात, म्हणजे रिकाम्या वजनाच्या जवळपास निम्मं. मागची स्प्रिंग त्या भरलेल्या गाडीच्या हिशोबाने ठेवावी लागते नाहीतर मागचा भाग टेकेल. त्यामुळे एकटा माणूस चालवत असला की मागचं चाक नुसतं उड्या मारतं. चौघं बसवून बघा, तीच गाडी अचानक शहाण्यासारखी चालते. त्यात व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी, म्हणजे पुढचं चाक स्पीडब्रेकरवरून उतरून सावरतंय तोवर मागचं चढलेलं असतं. हे दोन्ही तुम्ही काहीही केलं तरी बदलत नाही, त्यामुळे मोठ्या सेडानची राइड मिळेल अशा आशेने पैसे घालू नका.

सुरुवात फुकटातल्या गोष्टीने केली, हवा. पंपावरचा पोरगा न विचारता ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारतो, वर "मायलेज मिळतं साहेब" म्हणून सांगतो. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो त्यावर कंपनीने दिलेला आकडा असतो, माझ्या टायरमध्ये त्यापेक्षा बरीच जास्त हवा निघाली. एक छोटा डिजिटल गेज आणि बारा व्होल्टवर चालणारा पंप घेतला आणि आता सकाळी गाडी थंड असताना घरीच भरतो, कारण हायवेवर टायर तापला की आकडा तीन-चार पीएसआयने वर जातो आणि त्यावर हवा कमी-जास्त केली की गणित चुकतं. नुसत्या एवढ्यानेच पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरची ती बारीक थरथर बरीच कमी झाली, गेज-पंप सोडला तर एक पैसा न घालता. पण म्हणून स्टिकरच्या खाली जाऊ नका बरं का, आपल्याकडचे खड्डे असे आहेत की कमी हवेचा टायर खड्ड्याच्या कडेवर रिममध्ये चेपतो आणि साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) फुगा येतो, मग तो टायर गेलाच. आणि ते नायट्रोजन वगैरे, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, राइडमध्ये काडीचा फरक नाही.

मग एका ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर घेतली. मागचा एक शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची नळी) तेल सोडत होता, खाली धूळ बसून चिकट काळा थर झालेला. लोकांना वाटतं शॉकअप गेला की गाडी मऊ होते, तसं होतं पण सुरुवातीलाच, हायवेवर डुलायला लागते, आणि मोठा खड्डा आला की चाक थेट वरच्या रबरी स्टॉपरवर जाऊन धाडकन आदळतं आणि आपण म्हणतो सस्पेन्शन कडक आहे. मागचे दोन्ही जोडीने बदलले (एकच बदलायचा नसतो, कोणी सांगितलं तरी), पुढे लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश चिरलेले होते ते बदलले, लिंक रॉड बदलले आणि मग चाकांची अलाइनमेंट. स्पीडब्रेकरवरचा खडखड आवाज गेला आणि तो दणकाही गेला. ज्यांची गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर फिरलीय त्यांनी पुढचं काहीही वाचायच्या आधी हे करून घ्या, कारण झिजलेल्या बुशवर कितीही भारी टायर लावले तरी पैसे वाया.

आता मुख्य विषय, टायर. माझे टायर गाडीबरोबर आलेलेच होते. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. नक्षी शिल्लक होती म्हणून आधीच्या मालकाने बदलले नसणार, पण इतक्या वर्षांत रबर कडक होतं, नखाने दाबलं तरी कळतं. बदलायचेच होते तर डोक्यात आलं की साइजच बदलू. झेडएक्सआयला १८५/६५ आर १५ येतात आणि खालच्या व्हीएक्सआयला १६५/८० आर १४ (पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचे इंच). आता गंमत बघा, १५ वाल्याची साइडवॉल भरते १२० मिमी आणि १४ वाल्याची १३२. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १२ मिमी जास्त हवा आणि रबर. आणि चाकाची एकूण उंची मात्र दोघांची ६२० मिमीच्या आसपास, फरक फक्त दोनेक मिमीचा, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही, ग्राउंड क्लिअरन्स तोच राहतो, आणि कंपनी याच मॉडेलला ही साइज देते त्यामुळे उद्या कोणी विचारलं तर उत्तर आहे. लोड इंडेक्सही बघितला, ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, चार मिळून दोन हजारांच्या वर, भरलेली स्विफ्ट कुठे तेवढी होते.

रिम नाना पेठेत शोधले, साधे लोखंडी १४ इंची, चार बोल्टचे, १०० पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये). जुने घेणार असाल तर दुकानातच बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघायला सांगा, वाकडा रिम डोळ्याला दिसत नाही. मला दाखवलेल्यातले काही हलत होते. अलॉय आणि लोखंडी रिमला तेच नट चालतात का हेही तिथेच विचारून, बसवून बघून घ्या, आणि ब्रेक कॅलिपरला रिम कुठे घासत नाही ना ते हाताने फिरवून. टायर मिशलिनचे एक्सएम२ प्लस टाकले. योकोहामाचे अर्थ-१ पण मनात होते, ते पण मऊ आहेत असं चालवणारे सांगतात, शेवटी स्टॉकमध्ये जे होते ते घेतले. सगळं मिळून वीस हजारांच्या बरंच वर गेलं, अलॉय आणि जुने टायर विकून थोडे परत आले.

फरक? कात्रज-कोंढवा रोडवर पहिल्याच दिवशी कळला. खड्डा जाणवतो पण त्याची धार जाणवत नाही. एक्सप्रेसवेवर काँक्रीटच्या सांध्यांवरची टकटक आधी थेट सीटमधून पाठीत यायची, आता लांबून आल्यासारखी वाटते. छोटे खड्डे, खडी, मॅनहोलची झाकणं यात फरक प्रचंड. मोठ्या स्पीडब्रेकरवर मात्र फरक जवळपास शून्य, कारण तिथे काम टायरचं नसतं, स्प्रिंग आणि शॉकअपचं असतं. आईने स्वतःहून काही म्हटलं नाही पण हल्ली शिरवळला चहाला थांबलो की तिथेच पहिल्यांदा उतरते, त्याच्या आधी थांब म्हणत नाही.

याच्या बदल्यात काय गेलं ते पण सांगतो. खंबाटकी घाटाच्या वळणांवर गाडी आता किंचित झुलते, स्टिअरिंग वळवल्यावर गाडी वळेपर्यंत अर्धा क्षण जातो, उंच साइडवॉल वाकते ना. पावसात जोरात ब्रेक मारला तर अरुंद टायरची पकड मला तरी थोडी कमी वाटली, म्हणून अंतर जास्त ठेवतो. दिसायला गाडी गरीब दिसते, सोसायटीतल्या एकाने तर "अलॉय चोरीला गेले का रे" विचारलं. मायलेजमध्ये मला काही फरक दिसला नाही. ज्यांना गाडी दाबून चालवायला आवडते त्यांनी हे करू नका, १५ वरच राहून फक्त मऊ टायर घ्या.

आता त्या रबरी बफरबद्दल, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवतात ते. ॲक्सेसरीच्या दुकानात मला "राइड कम्फर्ट होते" म्हणून विकायला बघत होते. विचार करा, स्प्रिंगचे वेढे जेवढे मोकळे तेवढी ती मऊ. त्यातल्या दोन वेढ्यांमध्ये रबर कोंबलं की ते वेढे कामातून गेले, उरलेल्यांवर भार, म्हणजे स्प्रिंग आणखी कडक. गाडीचं नाक-शेपूट वर उचलायचं असेल, सीएनजीची टाकी मागे बसवून गाडी बसलेली असेल, तर ठीक आहे, त्यासाठी ते कामाचं आहे. पण मऊपणा? उलटं होतं. मित्राच्या गाडीत लावलेत, मागे बसून या एकदा.

आवाजाचा भाग मात्र मला अनपेक्षित होता. चारही दारांत आणि डिकीच्या तळाला ब्युटाइलचे डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारे चिकट रबरी थर) लावून घेतले, सस्पेन्शनला हातही लावला नाही, तरी बायको म्हणाली "आज गाडी मऊ वाटतेय". निम्मा दणका आपण कानाने खातो. पत्रा ढोलासारखा घुमायचा तो बंद झाला की तोच खड्डा छोटा वाटतो. शॉकअपला खर्च करायची ऐपत नसेल आणि तपासणीत ते ठीक निघाले असतील तर मी आधी हेच करेन.

आणि चालवायची पद्धत. स्पीडब्रेकरच्या आधीच ब्रेक लावून घ्या आणि चाक चढायच्या क्षणी पाय सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं, पुढची स्प्रिंग आधीच चेपलेली, मग तिला वर जायला जागाच कुठे उरते. रिक्षावाल्यांसारखं तिरकं चढवू नका, मागचा ॲक्सल टॉर्शन बीमचा आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एका आडव्या दांड्याने जोडलेली, एका बाजूचा धक्का दुसऱ्या बाजूला जातो आणि आत बसलेली माणसं डावी-उजवीकडे हलतात, पाठीचा त्रास असलेल्यांना ते सरळ धक्क्यापेक्षा वाईट.

पुढचे शॉकअप अजून ओरिजिनल आहेत, कोरडे आहेत, आवाज नाही, त्यामुळे सध्या हात लावत नाहीये. जे गॅस भरलेले शॉकअप टाकायचं म्हणताहेत त्यांनी एवढं लक्षात घ्या की ते नवीन असताना थोडे जास्तच कडक लागतात, हायवेवर गाडी छान बसते पण शहरात हळू जाताना आत्तापेक्षा जास्त आदळेल. मी पुढचे बदलायची वेळ आली की साधे कंपनीचेच टाकणार.