मॉडेल टीच्या तळाच्या फळ्या: सागवान की मरीन प्लाय?

फोर्ड मॉडेल टी या जुन्या मोटारीच्या (१९०८–१९२७) पायाखालच्या फळ्या कायमच्या ठोकून टाकायच्या नसतात. गिअरबॉक्समधले बँड (आतल्या ड्रमांना आवळून धरणारे पट्टे) आवळायचे तर त्या काढाव्याच लागतात. म्हणून दरवेळी न अडकता परत बसेल असंच लाकूड हवं.

सागवान पावसाळ्यात फारसं फुगत नाही, वाळवीला दाद देत नाही आणि कडेनंही अस्सल दिसतं. पण तीन पेडलांच्या खाचा कापल्या की मधे अरुंद पट्ट्या उरतात. तिथं लाकडाच्या रेषा आडव्या गेल्या असतील तर पट्टी कधी ना कधी तुटणारच. शिवाय सागाच्या अंगच्या तेलामुळे रंग नीट धरत नाही. आधी थिनरनं पुसून घ्या. सागाच्या किमतीचं तर बोलायलाच नको.

मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड (आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघूनच घ्या, दुकानदाराच्या शब्दावर नको), थरांच्या उलटसुलट रेषांमुळे खाचांपाशी सहसा चिरत नाही. त्याचं दुखणं कडांना. कापलेली प्रत्येक कड, अगदी स्क्रूची भोकंसुद्धा, इपॉक्सीनं बंद केली नाहीत तर पाणी आत शिरतं. कडेचे थर जाणकाराच्या नजरेतून सुटत नाहीत. काळा रंग दिला की बऱ्यापैकी झाकले जातात.

गाडी फक्त प्रदर्शनात मांडायची असेल तर साग. चालवायची असेल तर मी पेडलांची फळी प्लायची करीन, मागच्या सीटपुढची सागाची.