धावणाऱ्या मुलींसाठी स्पाईक शूज: खडेबाजारातील एक जाणते दुकान

बेळगावच्या खडेबाजारालगतच्या एका गल्लीतील या लहानशा क्रीडासाहित्याच्या दुकानातून आम्ही शाळेतील मुलींसाठी काही हंगाम स्पाईक शूज, म्हणजे तळाला बदलता येणारे खिळे असलेले धावण्याचे बूट, घेत आलो आहोत, आणि खानापूर तालुक्यातील ज्या पालकांची मुलगी शंभर, दोनशे किंवा चारशे मीटर धावते, त्यांना मी निःशंकपणे हेच दुकान सुचवेन. दुकान क्रिकेटच्या साहित्याने भरलेले आहे आणि स्पाईकसाठी जेमतेम एक फळी आहे. परंतु त्या फळीवरचा कोणता जोड कोणाच्या पायात द्यावा, याची मालकांना पुरेपूर जाण आहे.

बहुतेक दुकानांत आधी पायाचा नंबर विचारतात आणि मग किंमत सांगतात. येथे पहिला प्रश्न असतो, "बाई, पोरगी मातीवर पळणार की सिंथेटिकवर?" सिंथेटिक, म्हणजे रबरासारख्या कृत्रिम, ट्रॅकवरील शर्यतीत 9 मिलिमीटरपेक्षा लांब खिळा नियमाने चालत नाही आणि सरावाला 6 मिलिमीटरचाही पुरतो, आपल्याकडच्या लाल मातीच्या मैदानावर मात्र पाऊस पडून गेला की आखूड खिळा पकड घेत नाही आणि वळणावर पाय सरकतो. म्हणून मालक आखूड आणि लांब असे दोन्ही खिळे व पाना सोबत देतात आणि ते बदलायचे कसे, हे मुलीला स्वतः करायला लावतात. मागच्या खेपेस त्यांनी आमच्या एका विद्यार्थिनीचा जुना बूट उलटा धरला, आट्यांत घट्ट बसलेली माती दाभणाने खरवडून काढली, ग्रीसचा बारीक ठिपका लावला आणि नवा खिळा तिच्याच हातात देऊन म्हणाले, "आधी बोटानं फिरव, मग पाना लाव. आटे खाल्ले की बूट गेला." या दुरुस्तीचे त्यांनी फक्त खिळ्यांचे पैसे घेतले.

दोन हजारांच्या आसपासचा हा खर्च मुलीवर करावा का, हा प्रश्न पालकसभेत हमखास निघतो आणि "पी. टी. उषा कुठे बूट घालून पळायला शिकली?" असा दाखलाही दिला जातो. केरळमधील पय्योळीच्या समुद्रकिनाऱ्यावर प्रशिक्षक ओ. एम. नांबियार यांनी तिच्याकडून वाळूत सराव करून घेतला, हे खरेच आहे. परंतु तो सराव पायांत ताकद यावी म्हणून होता, शर्यतीच्या साधनाला तो पर्याय नव्हता. 1984 साली लॉस एंजेलिसला स्त्रियांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच घेण्यात आली, आणि तिच्या अंतिम फेरीत उषाने 55.42 सेकंद नोंदवले, तर रुमानियाच्या क्रिस्टियाना कोजोकारूने 55.41. कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेले. ते बुटांमुळे गेले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण ज्या खेळात एवढ्याशा फरकाने निकाल लागतो, तेथे दर पावलाला मातीत निसटणारा पाय घेऊन मुलीला उभे करणे अन्यायाचे आहे. तीच उषा 1985 साली जकार्त्याच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्णपदके आणि पुढल्या वर्षी सोलच्या आशियाई खेळांत चार सुवर्णपदके जिंकते, आणि तिची ती 55.42 ची वेळ भारतीय स्त्रियांत थेट 2023 साली धावपटू विद्या रामराज हांगझोच्या आशियाई खेळांत गाठते. हे आमच्या मुलींना तोंडपाठ आहे, आणि म्हणूनच त्यांना जत्रेतले कॅनव्हास शूज देऊन धावायला सांगणे मला पटत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मुलींच्या पायासाठी वेगळे घडवलेले जोड येथे क्वचितच मिळतात. जे मिळतात ते पुरुषांच्या साच्यावरचे, त्यामुळे चवड्याला नीट बसणारा बूट टाचेला सैल पडतो आणि सुरुवातीच्या झेपेत टाच वर उचलली जाते. मालक आतून टाचेला पट्टी चिकटवून देतात, ती चांगली टिकते, तरी हा तोडगा आहे, उपाय नव्हे. तीन आणि चार नंबरचे जोड आधी सांगून मागवावे लागतात. एकदा खिळे लावून मैदानावर वापरलेला जोड परत घेतला जात नाही, आणि ते रास्तही आहे. म्हणून मुलीला सोबत न्यावे, तेही संध्याकाळी, कारण दिवसभराच्या वावरानंतर पाय थोडा पसरलेला असतो. धावताना घालायचे मोजेच घालून माप द्यावे. ऑनलाईन स्वस्त पडते म्हणून आम्ही एका कंपनीचा जोड मागवला होता, त्याचा तळ पहिल्याच पावसात सुटला. तोही अखेर याच दुकानात चिकटवून घेतला.

तालुका पातळीवरील शालेय स्पर्धा आणि दसरा क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की दुकानात रीघ लागते आणि लहान नंबर संपतात, तेव्हा जूनमध्ये शाळा सुरू होताच माप देऊन ठेवावे. रविवारी दुपारनंतर मालक स्वतः नसतात. त्या वेळी केवळ खिळे घ्यायचे असतील तरच जावे.