कोंडून घ्यायचं की पळायचं? शाळेच्या तालमीचे दोन आराखडे

शाळेत कुणी हत्यार घेऊन शिरलं तर पोलीस येईपर्यंत मुलांनी काय करायचं, याची दोन उत्तरं सध्या आपल्याकडच्या शाळांत ऐकू येतात. एक म्हणजे दार लावून आत गप्प बसायचं. दुसरं म्हणजे वाट असेल तर पळायचं, नसेल तर लपायचं, आणि काहीच उरलं नाही तर हाताला लागेल ते घेऊन झुंजायचं. दोन्ही अमेरिकेतून आलेली. पहिल्याला तिकडे लॉकडाउन म्हणतात. दुसरं 'रन, हाइड, फाइट' या नावाने 2012 साली ह्यूस्टन शहराने काढलेल्या चित्रफितीमुळे सगळीकडे पोचलं. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या बाजूला असलेल्या आमच्या मराठी शाळेत दोन्हींच्या तालमी मी स्वतः घेतल्या आणि शेवटी एक ठेवली. तुमच्या शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे विकास आणि देखरेख समितीत, हा विषय निघाला असेल, तर आमचा अनुभव कामाला यावा म्हणून लिहितोय.

'आपल्याकडं कुठं असलं होतंय, गुरुजी?' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल. आमच्याकडेही आला. खरं आहे, अमेरिकेसारखं आपल्याकडे होत नाही. पण 2007च्या डिसेंबरात गुरुग्रामच्या एका शाळेत आठवीतल्या दोन मुलांनी वर्गमित्राला गोळ्या घातल्या, त्याही घरातून आणलेल्या पिस्तुलातून. आपल्या खानापूर भागात गवे आणि रानडुकरं पिकात शिरतात, त्यामुळे पीकरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका कित्येक घरांत आहेत. निवडणूक लागली की त्या ठाण्यात जमा होतात, एरवी घरातच असतात. 16 डिसेंबर 2014ला पेशावरच्या शाळेत सव्वाशेहून अधिक मुलं मारली गेली, त्यानंतर केंद्रीय गृहखात्याने शाळांसाठी सूचना काढल्या: कंपाउंडाची भिंत, गेटवर माणूस, तालमी वगैरे. 2023च्या 1 डिसेंबरला बंगळुरूतल्या चाळीसहून जास्त शाळांना एकाच सकाळी बॉम्बची खोटी ईमेल आली, तेव्हा आमच्या पालकांचे फोन इथंही खणखणले. म्हणून मी बैठकीत एवढंच म्हटलं, की तयारी करून काही बिघडत नाही.

पोलिसांचं काम कसं चालतं ते नीट कळल्याशिवाय दोन्ही आराखड्यांतला फरक लक्षात येत नाही. 20 एप्रिल 1999ला अमेरिकेतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, तेव्हा पोलिसांनी जुन्या रीतीप्रमाणे शाळेला वेढा घातला आणि खास पथकाची वाट पाहिली. आत एक शिक्षक तासन् तास रक्तस्राव होत पडून होते. मदत पोचेपर्यंत ते गेले. तेव्हापासून तिकडची शिकवण बदलली: पहिला जो पोलीस पोचेल त्याने थांबायचं नाही, आत शिरायचं, आवाजाच्या दिशेने जायचं, वाटेतल्या जखमींपाशीही न थांबता आधी बंदूकवाल्याला गाठायचं. जखमींसाठी मागून दुसरी तुकडी येते. कागदावर हे पक्कं झालं, तरी 24 मे 2022ला टेक्ससमधल्या उवाल्डीच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा 376 पोलीस जमले आणि वर्गात शिरायला 77 मिनिटं गेली. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. आतून मुली फोन करत होत्या. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही.

एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने 2000 ते 2013 या काळातल्या अशा 160 घटना तपासल्या. ज्या 63 घटनांचा वेळ नक्की कळला, त्यांतल्या 44 पाच मिनिटांच्या आत संपल्या होत्या. आता आपलं बघा. 112 ला फोन लागला, आमच्या गावात रेंज मिळाली आणि खानापूरहून गाडी निघाली, तरी पावसाळ्यात मी अर्धा तास धरतो. राज्याचं गरुड कमांडो पथक बंगळुरूत, केंद्राच्या एनएसजी कमांडोंचा तळ मुंबईत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे म्हणून आपल्याला सुरक्षित वाटतं, पण शाळेच्या घंटेवर फौज निघत नसते. पहिली पाच-दहा मिनिटं बाईंची आणि गुरुजींचीच. ती कशी घालवायची, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न.

मी सुरुवातीला पळण्याच्या बाजूचा होतो, हे सांगायला हवं. उंदरासारखं कोंडून बसायचं हे मनाला पटत नव्हतं. त्या बाजूला पुरावाही आहे. 2007ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला, तेव्हा प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू दार अडवून उभे राहिले आणि तेवढ्या वेळात त्यांच्या विद्यार्थ्यांनी खिडकीतून उड्या टाकल्या. प्राध्यापक गेले, बहुतेक पोरं वाचली. 2012ला तिकडच्याच सँडी हूक प्राथमिक शाळेतही एका वर्गातली काही लहानगी मध्येच गोळीबार थांबला तेव्हा धावत बाहेर पडली आणि जगली. म्हणून पहिली तालीम आम्ही पळण्याचीच घेतली. शनिवारची सकाळची शाळा, पाऊस उघडलेला. शिट्टी झाली की गेटने किंवा मागच्या पडक्या भिंतीवरून निघायचं आणि देवळापाशी जमायचं, असं ठरलं होतं.

शिट्टी झाली. सातवीची पोरं अर्ध्या मिनिटात देवळापाशी. पण तिसरीतली एक मुलगी गेटकडे न जाता उलटी पळाली, थेट सहावीच्या वर्गात. तिथं तिचा भाऊ. तो तोवर बाहेर पडलेला. ती रिकाम्या वर्गात बाकापाशी उभी, आणि तो तिला शोधायला तिसरीच्या वर्गात परत आलेला. घरी आई रोज सांगते, 'बहिणीचा हात सोडू नको.' आईचं ते सांगणं एका शिट्टीने कसं पुसणार? ही एकच जोडी नव्हती, नंतर विचारलं तर अशी सात-आठ भावंडं निघाली.

तरी हे शिकवून सुधारता आलं असतं. माझा निर्णय झाला तो हजेरीवरून. देवळापाशी पट घेऊन मोजलं तर दोन कमी. चौथीतली दोघं. पुन्हा मोजलं. शिपाईमामा शाळेत बघून आले, बाई विहिरीकडे धावल्या. मागे ऊस, पुढे ओढा, ओढ्याला पाणी. पन्नास मिनिटं आम्ही हाका मारत उसातून फिरलो. पोरं सापडली ती एकाच्या मावशीच्या घरी, चहा-चपाती खात. त्यांना पळायला सांगितलं होतं, ती पळाली होती. त्यांची काय चूक? त्या पन्नास मिनिटांत माझ्या पोटात जो गोळा आला होता, तो आजही ती पोरं वर्गात दिसली की आठवतो.

त्या दिवशी पाहायला आलेले पीएसआय साहेब रागावले नाहीत. झाडाखाली बसून एवढंच म्हणाले, "गुरुजी, मी आत शिरताना मला दोनच गोष्टी लागतात. आत किती हाईत, आणि कुठं हाईत. तुमची पोरं चारी दिशांनी पळत असली तर मी कुणाकडं बघू आणि कुणावर बंदूक धरू?" मला त्याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

मग कोंडून घेण्याची तालीम. इथं वेगळीच अडचण निघाली, आणि ती तुमच्याही शाळेत निघेल याची मला जवळजवळ खात्री आहे. आपल्या वर्गांची कडी बाहेरून असते. शाळा सुटली की कुलूप घालायचं, चोर आत येऊ नये, एवढाच विचार दार बसवणाऱ्याने केलेला. आतली कडी एक तर नाही, किंवा रंगाच्या थरांनी चिकटलेली, किंवा कोयंडा निखळलेला. आमच्या आठ दारांपैकी दोनच आतून लागली. नेमकं हेच सँडी हूकमध्ये झालं होतं: दार लावायला शिक्षिकेला व्हरांड्यात येऊन बाहेरून किल्ली फिरवावी लागे. तिथल्या चौकशी आयोगाने प्रत्येक वर्ग आतून बंद करता आला पाहिजे, ही शिफारस आग्रहाने केली. फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत 2018 साली सतरा जणांचा जीव गेला, पण मारणारा एकाही वर्गात शिरला नाही. वर्गांतल्या मुलांवर त्याने दाराच्या काचेतून गोळ्या घातल्या, आणि काचेतून न दिसणाऱ्या कोपऱ्यात जी होती ती बचावली. उवाल्डीत त्या वर्गाचं कुलूप धड लागत नव्हतं, आणि ही तक्रार आधीपासूनची होती. तीन ठिकाणं, तिन्हीकडे गोष्ट दारापाशीच येऊन थांबते.

आम्ही कुलपं बदलली नाहीत. गावातल्या सुतारांना बोलावलं. ते दाराकडे बघून म्हणाले, "गुरुजी, जुन्या घरांत असतोय तसा अडसर घालूया की." चौकटीच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्टीचे आकडे, आणि त्यात आडवा बसणारा ऐनाच्या लाकडाचा दांडा. एका हाताने उचलता येईल इतकाच जड, म्हणजे आग लागली तर अडकून पडायला नको. एरवी फळ्याच्या बाजूला खुंटीवर, बाईंच्या हाताच्या उंचीवर टांगलेला, नाहीतर मधल्या सुट्टीत पोरं आतून कोंडून घेतील. सुतारांचे दोन दिवस गेले. खर्च गावातल्या दोघांनी वाटून उचलला. दाराच्या फटीतून दिसतो तो भाग सोडून आतल्या कोपऱ्यात मुलांनी बसायचं, दप्तर पोटाशी. अडसर पडला की बाई हजेरीपटावर बोट ठेवून मोजतात आणि आकडा मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर जातो. तिसऱ्या तालमीत सगळे आकडे दोन मिनिटांच्या आत आले आणि पटाशी जुळले. तो कागद मी जपून ठेवलाय.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात टाळून चालत नाही. पोलीस येतील ते घाईत कन्नडमध्येच ओरडतील, आणि त्यात गैर काही नाही. 'कै मेलेत्ती' म्हणजे हात वर, हे सातवीच्या पोराला कळतं. पहिलीतल्या, वाड्यावरून येणाऱ्या मुलीला कळेलच असं नाही, आणि पळताना समोर बंदूकवाला गणवेश दिसला तर ती अजून जोरात पळेल. कोंडून घेण्यात हा प्रश्न निम्मा सुटतो. आमचा नियम असा: दार कुठल्याही भाषेतल्या हाकेला उघडायचं नाही, ओळखीच्या आवाजालाही नाही. मुख्याध्यापक पोलिसांबरोबर येतील आणि ठरलेला शब्द सांगतील, तेव्हाच अडसर निघेल. हात वर करायचं मात्र दोन्ही भाषांत शिकवलंय, पहिलीपासून.

इशाऱ्यासाठी शाळेची नेहमीची घंटा वापरू नका. पार्कलँडला गोळीबाराच्या धुराळ्याने आगीचा भोंगा वाजला आणि वरच्या मजल्यावरची मुलं आग समजून व्हरांड्यात आली. आमच्याकडे प्रार्थनेच्या लाउडस्पीकरवरून साध्या मराठीत सांगतात, 'दारं लावा'. वीज नसली तर पत्र्याचा डबा.

दोन्ही आराखड्यांना लागू पडणारी एक गोष्ट. तालमीत नकली गोळीबार, सुतळी बॉम्ब, तोंड बांधून शिरणारा माणूस, हे काही करू नका. दुसऱ्या एका शाळेत असा देखावा मी पाहिलाय; दुसरीतला एक मुलगा थरथरत होता आणि पुढे आठवडाभर शाळेत आला नाही, असं त्याच्या बाई सांगत होत्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2020 साली अशा हुबेहूब तालमींविरुद्ध स्पष्ट लिहिलंय. आम्ही मुलांना बंदूक हा शब्दच सांगत नाही. 'बाहेर धोका आहे' एवढं पुरतं.

ते पुरतं याचं कारण बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. 2022च्या ऑगस्टमध्ये जाधवनगरात बिबट्या दिसला आणि गोल्फ मैदानाच्या आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. आमच्याकडे तर गवा कंपाउंडापर्यंत येतो. दारू पिऊन कोयता घेऊन आलेला बाप, पिसाळलेलं कुत्रं, उठलेलं आग्या मोहोळ: यांतल्या प्रत्येकाला 'दार लावा, आत बसा' चालतं. 'पळा' मात्र त्यांतल्या बऱ्याच वेळी घातकच. एकच सवय इतक्या ठिकाणी कामाला येते, हेही मला वजनदार कारण वाटलं.

माझं म्हणणं सगळीकडे लागू पडेल असा आग्रह नाही. पीयू (अकरावी-बारावीचं) कॉलेज असेल, मुलं सतरा-अठराची, दोन जिने आणि तीन गेट असतील, तर पळण्याचा आराखडा माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त मानवेल. सोळा वर्षांच्या पोराला कोपऱ्यात बसवून ठेवणं तसंही अवघड. शहरातल्या, ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या शाळेचं गणितही वेगळं. आणि कोंडून घेण्याच्या बाजूने बोलताना उवाल्डीतल्या त्या 77 मिनिटांचं ओझं माझ्या मनावरून उतरत नाही. दार बंद ठेवायचं ते पोलीस येतील या भरवशावर, आणि ते आलेच नाहीत तर?

म्हणून आमच्याकडेही एक अपवाद ठेवलाय. मैदानावर असलेल्या मुलांनी इमारतीकडे परत यायचं नाही, पीटीच्या सरांबरोबर मागच्या भिंतीवरून सरळ पाटलांच्या गोठ्यात जायचं. तिथं पाटीलकाकू दार लावून घेतात आणि मोजतात. गेल्या तालमीत त्यांनी पाठवलेला आकडा एकाने जास्त निघाला. त्यांचा स्वतःचा नातू पोरांत जाऊन बसला होता.