आमची ‘सातबारा’ आणि जीटीएफएस: आठ महिन्यांनंतर

जर्मनीतल्या आमच्या गावातून स्टेशनला जाणारी बस ७:१२ ची. घरात तिचं नाव ‘सातबारा’. ती यायच्या दहा मिनिटं आधी दाराजवळचा दिवा लागावा, एवढ्यासाठी मे महिन्यात होम असिस्टंटला (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) जीटीएफएस, म्हणजे बस-ट्रेनची वेळापत्रकं ठरावीक साच्यात देणाऱ्या फाइली, जोडलं. खर्च शून्य, ते चालवायला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक जुनाच पडून होता. डिसेंबरातल्या एका सोमवारी दिवा लागलाच नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

सुरुवातीचा घोळ माझ्या हावरटपणाचा. फुकट आहे म्हणून अख्ख्या जर्मनीच्या वेळापत्रकाची झिप उतरवली. बिचारा पाय रात्रभर तीच गिळत बसला, सकाळी घरातले दिवे हाताने लावावे लागले. मग फक्त आमच्या भागाची फाइल घेतली, काम चहा होईपर्यंत झालं. आणि हो, समोरासमोरच्या दोन थांब्यांचं नाव एक असलं तरी आयडी वेगळे असतात. मी चार दिवस परतीच्या बसवर दिवा लावत होतो.

ऑक्टोबरात मात्र यंत्राने मलाच गप्प केलं. दिवा लागेना, बिघडला म्हणून शिव्या घालत थांब्यावर गेलो, तर बसच नाही. शाळांना सुट्टी लागलेली आणि ‘सातबारा’ फक्त शाळेच्या दिवशी धावते. झिपमधल्या ‘कॅलेंडर डेट्स’ या फाइलीत ते दिवस आधीच वगळलेले होते. रात्री १:१० ची बस तर जीटीएफएसमध्ये आदल्या दिवसाच्या खात्यात २५:१०:०० अशी लिहितात. पंचांगातला दिवस जसा मध्यरात्री संपत नाही, तसाच बसवाल्यांचाही. मी एकदम खूश.

त्याच विश्वासाने घात केला. डिसेंबरच्या मध्यावर एका रविवारी इकडची वेळापत्रकं बदलतात. सोमवारी दिवा बंद दिसल्यावर म्हटलं, वेळ पुढे गेली असेल. चहा ओतला आणि खिडकीतून ‘सातबारा’ जाताना दिसली, अगदी ठरल्या वेळी. फाइलीतली ‘एंड डेट’, म्हणजे वेळापत्रक लागू असण्याची शेवटची तारीख, शनिवारची होती! झिप आपोआप बदलत नाही, फोल्डरमध्ये नवी आपणच नेऊन टाकायची असते. मी मेनंतर तिकडे फिरकलोही नव्हतो.

बस उशिरा धावतेय का, हे या फाइलीतून कळत नाही, त्याला जीटीएफएस रिअलटाइम, म्हणजे त्या-त्या क्षणाची माहिती देणारा वेगळा प्रकार, लागतं. त्याचं मला काही वाटत नाही. माझा जीव त्या एका तारखेत अडकलाय. आता दर रविवारी पहाटे एक छोटी स्क्रिप्ट नवी झिप आणते, आणि तरीही ‘एंड डेट’ चौदा दिवसांवर आली की दिवा पिवळा होतो.

त्या सोमवारी स्टेशनपर्यंत टॅक्सीला २२ युरो गेले. तेव्हा वरचं ‘खर्च शून्य’ तेवढं दुरुस्त करून वाचा.